“सायरन वाजला पण फोन २० मिनिटांनी आला” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. रात्री लाईट गेलेली, मागचा दरवाजा उचकटला, सायरन कोकलत होता आणि चोरीच्या अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या आमच्या कंट्रोल रूमचा फोन आला २० मिनिटांनी, माणसं झोपलेली असतात तर दर महिन्याला पैसे कशाचे घेता, असं तुम्ही लिहिलंय. घरात मुलं असताना असं झालं तर राग येणारच, त्यावर मला काहीच म्हणायचं नाही. पण ड्युटीवरच्या मुलीला झोपलेली म्हणालात ते मी तसंच सोडू शकत नाही, सिग्नल आल्यावर मिनिटाच्या आत तिने तुम्हाला फोन लावलाय, रेकॉर्डिंग आहे, कधीही येऊन ऐका.

मग २० मिनिटं गेली कुठे, तर सिग्नल तुमच्या घरातून बाहेरच पडत नव्हता. सायरन पॅनलच्या, म्हणजे घरात लावलेल्या अलार्मच्या मुख्य डब्याच्या, वायरवर वाजतो, त्याला बाहेरच्या कोणाची गरज नाही. आमच्यापर्यंत पोचायला मात्र पॅनलला खरोखरचा फोन लावावा लागतो. तुमचा पॅनल डायलरवाला आहे, तो लाईन पकडतो, आमच्या रिसीव्हरचा, म्हणजे कंट्रोल रूममध्ये सिग्नल घेणाऱ्या मशीनचा, नंबर फिरवतो, रिसीव्हर १४०० आणि २३०० हर्ट्झचे दोन टोन देतो म्हणजे “बोल”, मग पॅनल फोनची बटणं दाबल्यासारख्या टोनमध्ये आकडे पाठवतो, आधी ४ आकडी अकाउंट नंबर, मग इव्हेंट कोड, १३० म्हणजे घरफोडी, शेवटी झोन नंबर, म्हणजे कुठला दरवाजा किंवा सेन्सर, आणि आमच्याकडून पोच मिळाली नाही तर परत पाठवतो. कॉन्टॅक्ट आयडी म्हणतात याला. काही सेकंदांचं काम आहे, पण लाईन जिवंत पाहिजे.

आणि तीच नव्हती. जुन्या तांब्याच्या लाईनला करंट टेलिफोन एक्स्चेंजमधून यायचा म्हणून घरची लाईट गेली तरी फोन चालायचा. तुम्ही मध्ये फायबरचं इंटरनेट घेतलंत तेव्हा बसवणाऱ्याने पॅनलची फोन वायर राउटरच्या मागे खोचली. यात तुमची चूक नाही, त्याने तुम्हाला सांगायला हवं होतं की आता राउटर बंद म्हणजे फोनही बंद. पॅनलला स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी आहे, तो जागा होता, नंबर फिरवत होता, पण डायल टोनच नाही. लाईट आली, राउटर चालू झाला आणि साठलेले सिग्नल एकामागून एक आमच्याकडे आले.

तुम्ही रिव्ह्यूसोबत आमच्या रिपोर्टचा फोटो टाकलाय, त्यातली वेळ आमच्या रिसीव्हरची आहे. कॉन्टॅक्ट आयडीच्या निरोपात वेळ नसतेच, तो पोचतो तेव्हा इकडे वेळेचा शिक्का बसतो. दरवाजा नक्की कधी उघडला ते पॅनलच्या लॉगमध्ये मिळेल, की-पॅडवर बघता येतं, दोन्ही वेळा शेजारी ठेवल्या की २० मिनिटांचा हिशोब लागतो.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमचा पॅनल २४ तासांतून एकदा टेस्ट सिग्नल पाठवतो, त्या दिवशीचा दुपारी आला होता, म्हणजे लाईन मेली तरी दुसऱ्या दुपारपर्यंत आम्हाला शंका यायचं कारणच नव्हतं. पॅनलला जोडायचे, इंटरनेट किंवा सिमवरून बोलणारे मॉड्यूल सतत हजेरी लावतात, अलार्मचे सिग्नल पोचवण्याच्या युरोपच्या ईएन ५०१३६ स्टँडर्डमध्ये तर खालच्या एका ग्रेडला लाईन बंद पडल्याचं २५ तासांत कळलं तरी चालतं आणि सगळ्यात वरच्या ग्रेडला २० सेकंदांत कळावं लागतं. एवढा फरक पडतो! दोन रस्ते असले, एक इंटरनेट आणि एक सिम, तर चोराने वायर कापली तरी दुसऱ्या रस्त्याने निरोप येतो. सिमवाला घेताना ४जी घ्या, बऱ्याच देशांत २जी-३जी बंद झालंय किंवा होतंय. आणि राउटरला छोटा यूपीएस लावाच, आमच्याकडूनच घ्या असं अजिबात नाही.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, राहू द्या, फायबर घेतलेल्या बाकीच्यांनी वाचला तर बरंच आहे. मॉड्यूल बसवायला आमचा माणूस येईल तेव्हा तुमचं अकाउंट टेस्टवर टाकू, म्हणजे आलेला सिग्नल खरी चोरी धरणार नाही, तुम्ही स्वतः राउटरचा प्लग काढा, मागचा दरवाजा उघडा आणि घड्याळ लावून बघा आमच्याकडे सिग्नल किती वेळात येतो.