बचावाची नाडी

महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेत कयाक होडी घालायची म्हणजे फेकदोरी हवीच. पिशवीत कोंबलेली पंधरा मीटर दोरी. तिचं एक टोक हातात धरायचं आणि पिशवी बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायची, म्हणजे दोरी त्याच्या अंगावरून जाते. बाजारातली महाग वाटली. म्हटलं, घरीच करू. इथून पुढचा सगळा दोष माझा.

इंदूरच्या सियागंज बाजारात दुकानदार म्हणाला, "भिया, नायलॉन ले जाओ, ट्रक खिंच जाएगा!" मला ट्रक ओढायचा नव्हता. नायलॉन पाण्यात बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. मी आठ मिलिमीटरची तरंगणारी दोरी मागितली, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जिरावण मसाल्याशिवाय पोहे मागितले.

पिशवी शिवायला टेलरमास्तरांकडे दिली. तोंडाला नाडी, बुडाला पाणी निथळायला भोकं, हे सांगितल्यावर मास्तर म्हणाले, "कमर कितीची?" तयार पिशवी बघितली तर दोरीच्या हातातल्या टोकाला छान फास! "सुटायला नको म्हणून आपणहून केला," असं वर कौतुकाने. अहो, सुटायलाच हवी! प्रवाहाने ओढ घेतली तर त्या फासात माझाच हात अडकायचा. घरी ब्लेडने उसवला.

पिशवी तरंगण्यासाठी तळाशी फोमची चकती लागते. फोम शोधता शोधता रात्रीचे अकरा वाजले. दाराशी स्लिपर दिसली. (पुढचं विचारू नका.)

आता गच्चीवर चाचणी. भाचा उताणा झोपून बुडत होता, एका हातात शेवेचा पुडा. मी "दोर!" असं ओरडून पिशवी फेकली. ती दोन हातांवर धप्पकन पडली, आत दोरीचा गोळा. आईने सकाळी पिशवी उघडी बघून दोरीची सुबक वेटोळी करून ठेवली होती. ही दोरी हातभर हातभर नुसती कोंबायची असते, तरच सुटी होत बाहेर येते. आईला ते अजून पटलेलं नाही. "पसारा करून ठेवायचा आणि वर त्याला शास्त्र म्हणायचं!"

दुसऱ्या फेकीला दोरी सरळ गेली, भाच्यावरून, शेजारच्या काकूंच्या पापडांवर. भाच्याने दोरी न पकडता काकूंकडे बघून आधी शेव लपवली.

पुढच्या रविवारी महेश्वरच्या घाटावर पिशवी पाण्यात टाकली. मस्त तरंगली. सगळे टाळ्या वाजवत होते. अण्णा तेवढे एका पायात नवी, एका पायात जुनी चप्पल घालून पायरीवर उभे होते. शेजारच्या नावाड्याला म्हणाले, "वो देखो, मेरी दाहिनी वाली."