खुलासा : कूलरची वुडवूल आणि छतावरचा आवाज

नागपुरातल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘कूलरच्या ताट्यांमधली जुनी वुडवूल फॉल्स सीलिंगवर पसरा, वरच्या मजल्याचा आवाज बंद. महागड्या टाइल्समध्येही हेच असतं.’

मी छताच्या टाइल्स बनवण्याच्या कामात आहे, म्हणून लिहितो. कृपया असं करू नका. वुडवूल म्हणजे लाकडाचे बारीक, कुरळे तंतू. सुटी, कोरडी वुडवूल एका ठिणगीत पेटते आणि फॉल्स सीलिंगच्या वरच तर वायरिंग असतं.

वुडवूलच्या टाइल्स असतात हे खरं. पण त्यात लाकडाचे तंतू सिमेंटमध्ये कालवून, दाबून घट्ट केलेले असतात. ऑफिसात दिसणाऱ्या पांढऱ्या टाइल्स बहुधा खनिज तंतूंच्या. दगड किंवा लोखंडाच्या भट्टीतली मळी (स्लॅग) वितळवून, वेगाने फिरवून लोकरीसारखे तंतू काढतात. त्यात परलाइट (तापवून फुगवलेला हलका ज्वालामुखी खडक), स्टार्च आणि पाणी घालून तो लगदा जाळीवर निथळवतात, मग वाळवतात. टाइल मोडून पाहा, कडेला बारीक तंतू आणि पोकळ्या दिसतील. आवाजाने हलणारी हवा त्या पोकळ्यांत घासली जाते आणि आवाजाची थोडी ऊर्जा उष्णतेत जिरते.

त्यामुळे खोलीतला घुमारा कमी होतो. वरच्या मजल्यावरची पावलं किंवा सरकणारी खुर्ची मात्र स्लॅबमधून खाली येते. ती हलक्या तंतूंनी थांबत नाही. वर जाड गालिचा किंवा खुर्चीच्या पायांना रबर लावलं तर फरक पडतो.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. आणि वुडवूल आधीच पसरली असेल, तर आजच मेन स्विच बंद करून काढून घ्या.