खिडकी लाव की

नाक अजून वाहतंय, त्यामुळे जरा चिडूनच लिहितोय.

सोमवारी सकाळी खानापूरहून बसनं बेळगावला निघालो. बाहेर धुकं, आत, कर्नाटकात बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासून रोजच असते तशी गर्दी. नशिबानं खिडकी मिळाली, म्हटलं चार बोटं काच सरकवूया, निदान श्वास तरी घेता येईल.

"बाळ, खिडकी लाव की. वारं लागतंय नव्हं."

शेजारी मावशी. साडीवर जेन्ट्स स्वेटर, डोक्याला माकडटोपी, त्यावर मफलर, त्यावर पदर. उघडं होतं ते फक्त नाक, आणि नेमकं तेच वाहत होतं. मी काच लावली आणि मावशी शिंकली, थेट माझ्या डाव्या कानात. एवढं कापड अंगावर, पण त्यातलं वीतभर तोंडाला लावायला नको!

"बघ. तुझ्या वाऱ्यानं."

इथं गप्प बसायचं ना? पण नाही. "मावशी, सर्दी वाऱ्यानं नाही, व्हायरसनं होते," म्हणालो आणि सुरूच झालो, की इंग्लंडात सॅलिसबरीला १९४६ साली खास सर्दीवरच्या संशोधनाचं केंद्र काढलं होतं, तिथं माणसांना आंघोळ घालून ओल्या अंगानं, ओल्या मोज्यांनी वाऱ्यात उभं केलं, तरी नुसत्या गारठ्यानं कुणाला सर्दी झाली नाही.

मावशीनं सगळं शांतपणे ऐकलं. "आंघोळ कसल्या पाण्यानं?"

"गरम."

"मग कशी होईल?"

मागचे काका खो खो हसले. तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "किटकी मुच्चरी!" आणि खाडखाड उरलेल्या काचा पण लागल्या. आमच्याकडं मराठी-कन्नडवरनं पिढ्या भांडल्या, पण खिडकी बंद करण्यावर दोन्ही भाषांचं एकमत. अहो, थंडीत हे असं दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या श्वासात बसतो म्हणून तर सर्दी पसरते, पण सांगायचं कुणाला? मास्क लावून शिंका म्हटलं तर लोक आपल्यालाच आजारी समजतात.

गुरुवारी नाक सुरू. आईचा पहिला प्रश्न, "डोक्याला काय बांधलं नव्हतंस ना?" ऑफिसात पण तेच.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत पडलो, तर २००५ चा कार्डिफ विद्यापीठाचा प्रयोग सापडला. १८० जण, निम्म्यांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात, निम्म्यांचे रिकाम्या भांड्यात. चार-पाच दिवसांत गार पाण्यातल्या ९० पैकी १३ जण म्हणाले सर्दी झाली, दुसऱ्या ९० मधले फक्त ५. शिवाय सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस म्हणे गार नाकात जास्त जोमानं वाढतो. म्हणजे मावशी अगदीच चुकीची नव्हती. हे मला अजिबात आवडलेलं नाही. त्या १३ जणांच्या नाकात व्हायरस होता का ते तपासलंच नव्हतं, हे मावशीला सांगायचं राहिलंय.

काल गणपत गल्लीत जाऊन गुपचूप माकडटोपी घेतली. सुट्टे देता देता दुकानदार शिंकला.