शपथा पुरे, आता नियमांचं बोला

आज दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

ऑफिसात पर्यावरणावर कार्यक्रम होता. वक्ते बोलले छान. शेवटी त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि हात पुढे करायला लावून शपथ दिली. 'मी निसर्गाचं रक्षण करीन. मी गरजेपुरतंच घेईन.' टाळ्याही झाल्या. मी विचारलं, नियम, कर, किंमत, याबद्दल काही बोलाल का? ते हसून म्हणाले, 'मॅडम, कायद्यानं काही होत नसतं, आधी मनं बदलायला हवीत.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, आणि तेच आता झोंबतंय.

कारण मला त्या क्षणी काड्या आठवल्या होत्या.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्राच्या बाईंनी आम्हा चौघींना एका टेबलाभोवती बसवलं. मध्ये पातेलं, त्यात काडेपेटीतल्या ४० काड्या. बाई म्हणाल्या, एकमेकींशी बोलायचं नाही. टाळी वाजली की हव्या तेवढ्या उचला. पातेल्यात जेवढ्या उरतील तेवढ्याच आणखी मी वरून टाकीन, पण ४०च्या वर जाऊ देणार नाही. शेवटी जिच्याकडे जास्त, ती जिंकली.

टाळी वाजली आणि चार सेकंदांत पातेलं रिकामं. शून्याची दुप्पट शून्य. खेळ पहिल्याच फेरीत खलास. माझ्या मुठीत १३ काड्या होत्या, त्यातल्या दोन मोडलेल्या. माझ्या शेजारची मुलगी, आमच्यातली सगळ्यात भली, बाकीच्यांचे हात बाहेर यायची वाट बघत थांबली होती. तिला ३ मिळाल्या.

मला सांगा, तिला कोणती शपथ द्यायची होती? ती न घेतलेली शपथ पाळतच होती. आणि हरली तीच. नियम नसले की नुसत्या उपदेशाचा तोटा ऐकणाऱ्यालाच होतो, न ऐकणारा मूठ भरून घेतो. समुद्रातल्या माशांचं हेच, जमिनीखालच्या पाण्याचं हेच, हवेचंही हेच. आज मी मासा सोडला तर तो उद्या वाढून मलाच मिळेल याची खात्री नाही, शेजारची बोट तो आजच नेणार. मग मी तरी का सोडू? याला हावरटपणा म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे हो! मी १३ काड्या उचलल्या तेव्हा मला काड्यांची हाव नव्हती. आपल्याला उरणार नाहीत, ही भीती होती.

गॅरेट हार्डिन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञांनी १९६८ साली सामायिक कुरणाचं उदाहरण देऊन नेमकं हेच मांडलं. लोकांनी त्यातून अर्थ काढला की एकतर सगळं खासगी करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. पुढे हार्डिन यांनीच कबूल केलं की आपण 'व्यवस्था नसलेलं' कुरण म्हणायला हवं होतं. पण तो एक शब्द राहिला आणि सामान्य माणसांना स्वतःचे नियम करताच येत नाहीत, असा समज पसरून बसला.

येतात की! बाईंनी दुसरा डाव लावला. या वेळी आधी पाच मिनिटं बोलायची परवानगी. आम्ही भांडलो, हिशेब केला आणि ठरवलं : प्रत्येकीने ५च घ्यायच्या, एकीने मोजायचं, जास्त घेतली तर पुढच्या फेरीत एक कमी. तिसऱ्या फेरीत मी ६ घेतल्या. त्या भल्या मुलीनेच पकडलं, शांतपणे. चौथ्या फेरीला मी ४ घेतल्या. पाच फेऱ्या झाल्या, प्रत्येकीकडे २५ काड्या आणि बाईंनी भर टाकल्यावर पातेल्यात अजूनही ३६. माणसं तीच. माझं मन दहा मिनिटांत बदललं नव्हतं, सहावी काडी मीच उचलली होती ना!

एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकी अभ्यासक बाईंनी जगभरची अशी पातेली शोधली : कुरणं, कालवे, मासेमारी. स्वित्झर्लंडमधल्या तोरबेल गावाचा १५१७ सालचा नियम त्यांनी नोंदवलाय. हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तेवढ्याच डोंगरावरच्या कुरणात न्यायच्या. बस्स. ना शपथ, ना प्रवचन. जिथे वापरणारेच नियम करतात, स्वतः पहारा ठेवतात आणि पहिल्या चुकीला हलकी शिक्षा देतात, तिथे व्यवस्था टिकते, हे त्यांनी दाखवलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

आता कुणीतरी म्हणणार, नियमसुद्धा फसतात. फसतात, मान्य. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये कॉड माशाचे कोटे, म्हणजे किती मासा पकडायचा याची मर्यादा, सरकारच ठरवत होतं, आणि साठ्याचा अंदाज चुकून ते जास्त ठरवले गेले. १९९२ मध्ये मासाच उरला नाही, तीस हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठायला २०२४ उजाडलं. आइसलँडमध्ये कोटे विकता येतात, तर ते मोठ्या कंपन्यांच्या हातात गोळा झाले. हेही खरं.

पण म्हणून शपथ? अमेरिकेत आम्लवर्षा कमी झाली ती वीजकेंद्रांच्या मालकांना पश्चात्ताप झाला म्हणून नाही. १९९०च्या कायद्याने गंधकाच्या धुरावर एकूण मर्यादा घातली आणि त्या मर्यादेत परवाने विकायची मुभा दिली. धूर कमी करणं फायद्याचं झालं, म्हणून धूर कमी झाला. कोस्टा रिकाने १९९७ पासून इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे दिले. जंगल तोडायला कायद्यानेही बंदी होती, श्रेय एकट्या पैशाचं नाही. पण आज त्या देशाच्या निम्म्याहून जास्त जमिनीवर जंगल आहे.

आणि खरा संताप तर याचा येतो की आपण शपथ घेत असताना सरकारं उलट्या दिशेने पैसे ओतत असतात. मासा संपत आलेल्या समुद्रात बोटी जाव्यात म्हणून इंधनाला अनुदान! कुंपणच शेत खातंय. मासेमारीच्या अनुदानांवर जागतिक व्यापार संघटनेत वाटाघाटी सुरू झाल्या २००१ मध्ये, करार झाला २०२२ मध्ये. एकवीस वर्षं! झाड उभं असेल तर देशाच्या उत्पन्नात त्याची किंमत शून्य, तोडून विकलं की उत्पन्न वाढलं. असला हिशेब ठेवायचा आणि वर आम्हाला म्हणायचं, मन बदला.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला. ते वक्ते वाईट नव्हते, तळमळ खरी होती त्यांची. आणि मनं लागतातच कुठेतरी. त्या मुलीने मला पकडलं तेव्हा ती ओरडली असती तर मी डाव उधळला असता. ती फक्त म्हणाली, 'पुढच्या वेळी चार हं.' एवढी वर्षं झाली, मला तिचा तो आवाज आठवतो.

उद्या ऑफिसात पातेलं आणि काडेपेटी घेऊन जाणार आहे. आज पहिल्या रांगेत हात पुढे करून शपथ घेतलेल्या चौघांना जेवणाच्या सुट्टीत बसवणार. पहिला डाव न बोलता. बघू किती सेकंद टिकतो ते.