फिट आली, रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणून पोरगी नाटक करते? त्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या तीन फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरायलाय. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: 'ज्या मुलीला फिट येते पण ईईजी आणि एमआरआय नॉर्मल येतं, ती नाटक करत असते. चप्पल हुंगवली की उठून बसते, हाच पुरावा. ही बायकांची सवय आहे, लग्न लावून द्या, आपोआप थांबतं. सायकॉलॉजिस्टकडे जाऊ नका, नुसत्या गप्पा मारायचे पैसे घेतात.' खाली जनहितार्थ, आणि हात जोडलेले.

मी ज्युनियर कॉलेजला सायकॉलॉजी शिकवते, पण हे लिहायचं कारण ते नाही. माझ्या मावसबहिणीला एकोणिसाव्या वर्षापासून अशा फिट येतात. मावशी विड्या वळते, काका मागावर, अशा घरात एमआरआयचे पैसे कसे उभे राहतात ते मी बघितलंय. रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटायला पाहिजे होतं, पण तिथल्या एका डॉक्टरांनी तिच्यासमोरच मावशीला सांगितलं की काही झालेलं नाही, लक्ष वेधून घेते. त्या दिवसानंतर ती दोन वर्षं कुणाशी फिटविषयी बोलली नाही.

पहिला मुद्दा, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे नाटक. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, गाठ आहे का, जखम आहे का, एवढं. ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज नोंदवायची. साधा ईईजी वीसतीस मिनिटांचा असतो आणि त्या वेळात फिट आलीच पाहिजे असं काही नाही. खरीखुरी मिरगी असलेल्या माणसांचासुद्धा पहिला ईईजी निम्म्या वेळा नॉर्मल येतो, मग ते पण नाटकच करतात का? सोलापूरकरांना हे मागावरून पटकन कळेल. बंद मागाचा फोटो काढला तर सगळे धागे जागच्या जागी दिसणार, तो अडकतो चालताना. म्हणून पक्कं निदान करायला व्हिडिओ ईईजी करतात, म्हणजे पेशंटला तासन्‌तास, कधी दोनतीन दिवस, कॅमेरा आणि ईईजी दोन्ही लावून ठेवायचं आणि फिट येईल तेव्हा मेंदूतली वीज काय करत होती ते बघायचं.

तिथं दोन गोष्टी निघू शकतात. फिटच्या वेळी मेंदूत विजेचं वादळ दिसलं तर ती मिरगी. बाहेरून फिट दिसते पण तसं वादळ नसतं, तेव्हा तिला डिसोसिएटिव्ह किंवा फंक्शनल फिट म्हणतात, म्हणजे मेंदूची रचना ठीक पण त्याचं काम तेवढ्यापुरतं बिघडतं. काही जणांना दोन्ही असतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर कुणीतरी हे वाचून मिरगीच्या गोळ्या बंद करेल. तसं अजिबात करू नका. गोळी चालू किंवा बंद करायचं ते डॉक्टरांनीच.

डिसोसिएटिव्ह फिट हे निदान 'काहीच सापडलं नाही' म्हणून चिकटवायचं लेबल नाही. त्याची स्वतःची लक्षणं आहेत: फिटमध्ये डोळे घट्ट मिटलेले असणं, मान डावीउजवीकडे जोरात हलणं, फिट लांबणं, मधेच कमी होऊन परत वाढणं. एकट्या एका लक्षणावरून ठरवत नाहीत, सगळं मिळून बघतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी २०२२ पासून लागू आहे, त्यात हा आजार म्हणून नोंदलेला आहे. नाटक करणं, सोंग घेणं, याला त्याच यादीत वेगळा शब्द आणि वेगळी जागा आहे. म्हणजे जगभरच्या डॉक्टरांनी या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात आणि आपला मेसेज एका ओळीत त्या एक करून टाकतो. या फिटमध्ये माणसं पडतात, हात मोडतो, जीभ चावली जाते. काही जणांना थांबत नसलेली मिरगी समजून आयसीयूत नेऊन घशात नळी घातली जाते. आणि हे कळायला लागणारा वेळ बघा, जर्मनीत २००२ साली छापलेल्या एका अभ्यासात पहिल्या फिटपासून बरोबर निदान होईपर्यंत सरासरी सात वर्षांच्या वर गेलेली होती! सात वर्षं चुकीच्या गोळ्या आणि वर नाटकाचा शिक्का.

आता चप्पल. गेल्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या यात्रेला, होम मैदानावर गर्दीत माझी मावसबहीण फिट येऊन पडली. मी घड्याळ बघितलं कारण मला ते शिकवलेलं होतं. कुणी म्हणालं कांदा आणा, कुणी किल्ली हातात द्या, एका भल्या माणसानं स्वतःची चप्पल काढून तिच्या नाकाला लावली, आणि खरंच थोड्या वेळात ती शांत झाली. सगळे म्हणाले, बघा उतरली. पण चप्पल नाकाजवळ येईपर्यंतच दीड मिनिट होऊन गेलेलं होतं. मिरगीची बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि दुसऱ्या प्रकारची पण शेवटी आपली आपणच थांबते, कुणी काही हुंगवो न हुंगवो. त्या वेळात हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं. कांदा असेल तर कांद्याला, अंगारा असेल तर अंगाऱ्याला. त्या माणसाचा मला राग नाही, तो मदतीलाच धावला होता. पण याच समजुतीतून दातात चमचा घालतात आणि दात पडतात. जीभ गिळली जात नाही हो, ते शक्यच नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवा, हातपाय दाबून धरू नका, शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका आणि वेळ मोजा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ ला फोन.

आणि कुणी 'बाहेरचं आहे' म्हणून मारायला, बांधायला, मिरचीचा धूर द्यायला किंवा चप्पल बुडवलेलं पाणी पाजायला निघालं तर ते नुसतं चुकीचं नाही, आपल्या राज्यात तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. चप्पल बुडवलेलं पाणी हे शब्दशः त्या कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे, इतकं ते सर्रास चालायचं.

लग्न लावून द्या हे तर फार जुनं आहे. हिस्टेरिया हा शब्दच ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलाय, म्हणजे बाईचं गर्भाशय बिघडलं म्हणून हे होतं अशी समजूत, आणि त्यावर औषध म्हणजे नवरा आणि मूल. पण पहिल्या महायुद्धात हजारो धडधाकट सैनिकांना खंदकातून परत आल्यावर अशाच फिट आल्या, हातपाय लुळे पडले, वाचा गेली. त्यांचं काय, त्यांचं पण लग्नानं होणार होतं? हे बायकांमध्ये जास्त दिसतं हे खरं आहे, पण पुरुषांना होतं आणि त्यांना सांगायची आणखी लाज वाटते. आणि ज्या पोरीच्या फिटमागे आधीच भीती, मारहाण किंवा कुणीतरी केलेला अत्याचार असेल (सगळ्यांच्या बाबतीत असतोच असं नाही), तिला न विचारता परक्या घरात पाठवून ती बरी कशी होईल? तिकडं फिट आली की फसवलं म्हणून परत आणून सोडतात. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी ही लग्नाला अडचण म्हणून लिहिलेली होती, ती १९९९ साली काढून टाकली. कायद्याला समजलं, आपल्याला अजून नाही.

शेवटचा मुद्दा, गप्पा मारायचे पैसे. इथं मला लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या लॉरा गोल्डस्टीन यांचं काम सांगायचंय. त्या न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे आजार आणि मन दोन्हीकडे एकत्र बघणाऱ्या संशोधक. २०१० साली त्यांच्या टीमनं ६६ पेशंटवर एक छोटा अभ्यास छापला, त्यात सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, घेतलेल्यांच्या फिट उपचार संपताना कमी झालेल्या होत्या. मग मोठा अभ्यास केला, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधले ३६८ पेशंट, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला बारा सेशन थेरपी आणि नंतर एक उजळणीचं. २०२० साली निकाल आला आणि तो मी लपवणार नाही: वर्षभरानं महिन्याला किती फिट येतात यात दोन गटांत ठोस फरक पडला नाही. पण थेरपीवाल्यांना फिटशिवाय सलग जास्त दिवस मिळाले, रोजची कामं जास्त जमायला लागली, मनाचा त्रास कमी झाला. माझ्या बहिणीला महिन्यात चार फिट येतात की तीन यापेक्षा ती एकटी रिक्षात बसून सात रस्ता चौकात जाऊ शकते का हे आमच्या घरात मोठं होतं, त्यामुळं मला हा निकाल छोटा वाटत नाही. जादू नाही, पण नुसत्या गप्पा तर मुळीच नाहीत.

त्या बारा सेशनमध्ये करतात काय? फिट यायच्या आधी शरीर काय सांगतं ते ओळखायला शिकवतात. बहिणीला आधी हात बधिर होतात आणि आवाज लांबून येतात. त्या क्षणी पाय जमिनीवर दाबायचे, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची, अशा युक्त्या. भीतीनं सोडून दिलेल्या गोष्टी थोड्या थोड्या परत सुरू करायच्या. आणि आतलं जे बोलायचं राहिलंय ते सुरक्षित माणसापाशी बोलायचं. ती आता थेरपी घेते. फिट पूर्ण थांबलेल्या नाहीत पण कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू केलंय.

पैशांची अडचण असेल तर आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे. जाताना एक गोष्ट सोबत न्या. पुढच्या वेळी फिट आली की एकानं तिला कुशीवर धरायचं आणि दुसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, चेहरा आणि डोळे दिसतील असा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तो ग्रुपवर टाकायचा नाही, फक्त डॉक्टरांना दाखवायचा. आमच्याकडं निदान तिथूनच सुरू झालं, मावशीनं थरथरत्या हातानं काढलेल्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओवरून.