मी घाबरलो नव्हतो, मास्क गळत होता

आज परत तेच ऐकून आलोय आणि डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी होणार, कंटाळा आला तर सोडून द्या.

दुपारी एका स्पोर्ट्सच्या दुकानात गेलो होतो, डायव्हिंगचा मास्क बघायला, डिसेंबरात परत मालवणला जायचंय. तिथल्या पोराने एक डबा काढून दिला, मी मास्क तोंडाला लावला तर कानशिलापाशी बोट आत जाईल एवढी फट. म्हणलं मोठा दाखव. तर म्हणतो, "सर यात साइज नसते, फ्री साइजच येते." म्हणलं अरे पण बसत नाहीये. त्याने माझ्याकडे बघितलं, मास्ककडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि लहान पोराची समजूत काढावी तसं म्हणाला, "सर, तुमचा फेस थोडा जास्त आहे."

जास्त आहे! आमटीत मीठ जास्त असतं, रिक्षाचं मीटर जास्त असतं. माणसाचा चेहरा जास्त कसा असेल रे?

ज्यांनी मला प्रत्यक्ष बघितलंय त्यांना सांगायला नको. आमच्या घराण्यातच डोकी मोठी. आप्पांची टोपी २४ इंची, गावात मिळायची नाही, कोल्हापूरहून आणायला लागायची. मी हेल्मेट घ्यायला गेलो की ५८० नंबरचं नुसतं टकुऱ्यावर ठेवल्यासारखं बसतं, ६०० चं लागतं आणि तेही घालताना कान दुमडतात. पण बघा, नंबर तर आहे ना! टोपीला आहे, हेल्मेटला आहे, चपलेला आहे, बनियनला आहे. फेट्याला तर नंबरच लागत नाही, तो डोकं बघून बांधतात. आजवर एवढ्या लग्नांत फेटा बांधून घेतला, एकाही बांधणाऱ्याने "पाव्हणं तुमचं डोकं जास्त आहे" म्हणलं नाही. एक वेढा कमी बसला, विषय संपला.

आता मूळ दुखणं सांगतो. दोन वर्षांपूर्वी तारकर्लीला गेलो होतो, मी, बायको, पोरगी आणि मेव्हण्याचं कुटुंब. तिथं स्कुबाला, म्हणजे पाठीला हवेची टाकी आणि तोंडात नळी घेऊन पाण्याखाली जायला, पोहता यायची पण गरज नसते, एक डायव्हर मागून धरून खाली नेतो, आणि मला तर पोहता येतंच, पंचगंगेत शिकलोय. समोर सिंधुदुर्गाचा तट, मस्त ऊन, पाणी एकदम निवळ. बोटीत प्लॅस्टिकच्या टबात मास्क पडलेले, पोरगा वरचा उचलायचा, पाण्यात बुचकळायचा आणि समोरच्याच्या तोंडाला लावायचा. बायकोला बसला, पोरीला बसला. मला लावला तर कपाळावर प्लॅस्टिक रुतलं, नाकाचं हाड काचेला टेकलं आणि दोन्ही कानशिलांकडं उघडंच. सांगितलं त्याला. तो म्हणाला टेन्शन नका घेऊ काका, आणि मागनं पट्टा असा आवळला की माझे डोळे बाहेर यायची वेळ.

खाली दहा-बारा फूट गेलो नसेन, पाणी भरायला लागलं. आधी डोळ्यांच्या कडेला थेंब, मग गालावर, मग नाकापर्यंत. खारं पाणी नाकात गेलं की काय होतं ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. तोंडाने श्वास चालू असतो, हवा भरपूर असते, पण नाक ओरडत असतं की बुडालास. मी अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ "मस्त चाललंय" असा नसतो, "वर न्या" असा असतो, हे बोटीवरच शिकवलेलं, आणि मी ते नीट लक्षात ठेवलं होतं. घाबरलेला माणूस असलं लक्षात ठेवतो का?

वर आलो तर मेव्हण्याने पहिलं वाक्य काय टाकलं माहितीये? "दाजी, तालमीतलं घराणं ना तुमचं?"

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात हे चालू आहे. बारशाला, साखरपुड्याला, परवा तर तेराव्याला. व्हिडिओ दिलाय ना त्यांनी, त्यात बायको माशांना हात लावायला बघतीये, पोरगी दोन्ही हातांनी ओके ओके करतीये आणि माझे चाळीस सेकंद, त्यातले तीस बुडबुडे.

मी घाबरलो नव्हतो. मास्क गळत होता.

आणि पट्टा आवळून गळणं थांबतच नाही, हे मला त्याच बोटीवर कळलं. टॉवेल गुंडाळून बसलो होतो, कुणी बोलत नव्हतं माझ्याशी, तेव्हा बोटीचा म्हातारा तांडेल जवळ आला आणि म्हणाला, "साहेबानू, पट्टो कितीव ओढलास तरी पाणी येतलाच. मास्क तोंडार बसाक होयो, पट्टो फक्त पडा नये म्हणान." टबाच्या तळातनं त्याने एक जुना काळा मास्क काढला, सिलिकॉनची कड चांगली रुंद आणि मऊ. पट्टा पुढे काचेवर उलटा टाकला, मला मान वर करायला लावली, मास्क नुसता तोंडावर ठेवला, कपाळावरचे केस कडेखालून बाजूला केले आणि म्हणाला नाकान हळू वढा. ओढला. हात सोडला त्याने. मास्क पडला नाही! पट्टा नाही, काही नाही, माझ्या ह्या "जास्त" चेहऱ्याला तो गोचिडासारखा चिकटून बसला होता. मग म्हणाला आता तोंडात नळी धरून परत बघा, कारण दातात नळी धरली की गाल बदलतात. तरीही बसला.

एवढंच होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पट्टा जास्त आवळला की कड मुडपते आणि उलट तिथूनच पाणी शिरतं, हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं, का घाई होती, देव जाणे. घाई होती हे मान्य, सीझनला किनाऱ्यावर रांग लागते, पावसात धंदा बंद असतो, पोरांनी तरी काय करायचं. मान्य. पण मग टबात चार मास्क वेगवेगळ्या मापाचे ठेवा, आणि माझं तोंड बघून उचला, माझ्याआधी ज्याला लावला त्याचं बघून नका.

मेव्हण्याचं दुसरं म्हणणं असं की मिशी काढा. आता मिशीतून पाणी झिरपतं हे खरं आहे, नाकाखाली कड टेकते तिथं केस असले की सील धरत नाही, काही लोक तेवढीच रेघभर भादरतात, काही व्हॅसलीन चोपडतात. ठीक आहे. पण त्या दिवशी पाणी कानशिलाकडून येत होतं, मिशीचा काय संबंध? आणि आमच्यात मिशी बाप गेल्यावर काढतात, मासे बघायला नाही.

तिसरे शहाणे म्हणतात वजन कमी करा. केलं. गेल्या वर्षी १४ किलो उतरवलं. हनुवटी दिसायला लागली, गळपट्टी सैल झाली, पण कपाळ तेवढंच आणि गालाची हाडं तेवढीच. हाडाला डाएट लागू होत नाही ओ.

लिहिता लिहिता आप्पांची आठवण आली. त्यांना आयुष्यात चष्म्याची फ्रेम नीट बसली नाही. काड्या कायम फाकलेल्या, कानशिलावर दोन खोल वळ. झोपले की मी त्या वळांवरून बोट फिरवायचो. ते कधी दुकानदाराला बोलले नाहीत, "आपलंच डोकं मोठं" म्हणायचे आणि हसायचे. मी पण आज दुकानात हसलोच. सॉरी म्हणून बाहेर आलो. सॉरी मी म्हणलं! रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं आणि मग जास्तच राग आला.

असो. बोटीवरचं राहिलंच. तो काळा मास्क बसला तोवर पुढची बॅच येऊन उभी होती, परत खाली जायला मिळालं नाही. तांडेल म्हणाला निदान हयसून तरी बघा. मग बोटीच्या काठावर पालथा पडलो आणि नुसतं तोंड पाण्यात घातलं. नांगराच्या दोरीभोवती पिवळे, काळ्या पट्ट्यांचे मासे, पंचवीस-तीस असतील, एकदम वळायचे, एकदम थांबायचे, आणि दोरी खाली हिरव्या अंधारात गेलेली. एक थेंब आत आला नाही. मला इतका आनंद झाला की मी हसलो, आणि हसलो तसं नाकाशेजारी गाल वर चढले आणि तिथनं पाणी शिरलं. ही चूक मात्र माझी. पण तोवर बघून झालं होतं.

व्हिडिओ काढायला तिथं कुणी नव्हतं.

तर आता काम. कुणाकडे रुंद कडेचा, मोठ्या तोंडाला बसलेला मास्क असेल तर मॉडेल सांगा, परदेशातून कुणी येणार असेल तर पैसे आधी पाठवतो. स्वतःचं तोंड मोठं असलेल्यांनीच सांगा, "माझ्या मिस्टरांना बसला" वगैरे नको, मिस्टरांचा फोटो टाका. नाकावर चिमटा घ्यायला जागा पाहिजे, खाली पाण्याच्या दाबाने कानाला दडे बसतात ते मोकळे करताना लागतो, त्यामुळे पोहण्याचे गॉगल सुचवू नका, त्यात नाक बाहेर राहतं. नवा मिळाला तर आतून टूथपेस्टने घासायचा असतो, नाहीतर धुकं धरतं, तेवढं माहितीये मला.

मिशीबद्दल सल्ले नकोत. मेव्हणेबुवांना टॅग केलेलं नाही, कुणी करूही नका.