बाग बांधायला पैसा आहे, माळ्याला नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोव्यातल्या सार्वजनिक बागांच्या दुरवस्थेवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की मी सगळं खापर पालिकांवर फोडलं. झोपाळे लोकच मोडतात, कचरा लोकच टाकतात. तेव्हा बागा कंपन्यांकडे सोपवा आणि तिकीट लावा, असं तुमचं म्हणणं. तुमचा राग मला समजतो. नातवंडाला घेऊन जावं आणि बाकाखाली फुटक्या बाटल्या दिसाव्यात, याची चीड येणारच. तुमचा उपाय मात्र मला पटत नाही.

मोडतोड करणारे आहेतच. पण आपल्याकडे बागेची खरी कसोटी लागते ती पावसात. वर्षाचा सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. किनाऱ्याकडे त्यात खारा वारा. रंग वेळेवर दिला नाही तर लोखंडी घसरगुंडी कुणी हात न लावताही गंजते आणि तिला भोकं पडतात. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरतात. मे महिन्यात सुक्या फांद्या छाटायच्या, गटारं उपसायची. पावसात रान काढायचं. दिवाळीच्या सुमारास रंगकाम. मार्चपासून रोज पाणी. ही कामं ठरलेल्या वेळीच व्हावी लागतात आणि त्यासाठी बाग ओळखणारा कायमचा माळी लागतो. पणजीत चर्चजवळची बाग पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या नावाची आहे. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्या गोव्यात झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं जातं आणि मुळांना पाणी कुठून मिळणार, हे विचारणारं कुणी नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जबाबदारी कुणाची, यात फारसा संदिग्धपणा नाही. 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा, क्रीडांगणं हा पालिकांसाठीचा विषय म्हणून नोंदलेला आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत सामूहिक मालमत्तेची देखभाल आहे.

आता कंपन्यांविषयी. देखभालीचं कंत्राट जरूर द्या, पण जागेवरचा ताबा आणि फाटकाची किल्ली देऊ नका. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी नर्सिंग होमला दिली गेली. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवलं. लखनौमध्ये उद्यानाखाली बाजार बांधायला घेतला, तर 1999 साली न्यायालयाने तो पाडून उद्यान पूर्ववत करायला सांगितलं. आणि तिकीट? दुपारी सावलीला टेकणारा मजूर, कामं आटोपून घटकाभर बसणारी बाई, बसची वाट पाहणारी कॉलेजची मुलं. तिकिटाने पहिल्यांदा हीच माणसं बाहेर राहतील. बाटल्या फोडणारा रात्री कुंपणावरून उडी मारून येतो.

माळ्याचा पगार कुठून आणायचा, असंही तुम्ही विचारलंत. बाग बांधायच्या निविदेतच पाच वर्षांची देखभाल घालावी, ठेकेदाराच्या रकमेचा एक भाग त्यासाठी रोखून ठेवावा, आणि ती मुदत संपायच्या आत माळ्याची जागा पालिकेच्या अंदाजपत्रकात यावी. कारंजं नसलं तरी चालेल. तुमच्या प्रभागात नव्या बागेचा प्रस्ताव आला, की नगरसेवकाला एवढंच विचारा: सहाव्या वर्षी झाडांना पाणी कोण घालणार आहे, आणि त्याचा पगार अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात आहे?